पावलॉव्ह, पूर आणि आमचा शेरू

भंडाऱ्यातल्या एका अध्यापक विद्यालयात मी एकोणतीस वर्षे शैक्षणिक मानसशास्त्र शिकवले. दरवर्षी दिवाळीच्या आधी पावलॉव्हचा धडा येई. फळ्यावर एक घंटा, एक कुत्रा आणि लाळेचे तीन थेंब काढले की वीस मिनिटांत पावलॉव्ह संपे. घंटा वाजवली, खायला दिले. पुन्हा वाजवली, पुन्हा दिले. मग नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटले. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून पोरेही तो मन लावून पाठ करीत. या माणसाला घर होते, संसार होता, त्याने भूक आणि मुलांचे मृत्यू पाहिले होते, हे मला कधी ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावेसेही वाटले नव्हते. ते वाटायला वैनगंगेचा पूर यावा लागला.

ऑगस्ट २०२० चे अखेरचे दिवस. कोरोनामुळे सगळे घरातच होते. वर मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगा भंडारा शहराच्या सखल भागात शिरली. आमचे घर नदीच्या अंगालाच. रात्री पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा आम्ही तांदळाची पोती माळ्यावर चढवली, कागदपत्रे पिशवीत भरली, नातवाला खांद्यावर घेतले आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. तिथे चहाचा कप हातात आल्यावर माझ्या लक्षात आले की परसातून शेरूचे भुंकणे ऐकू येत नाही.

शेरू आमचा गावठी कुत्रा, तेव्हा तीन वर्षांचा. रात्री त्याला परसातल्या खांबाला साखळीने मीच बांधत असे. मुलगा छातीभर पाण्यातून गेला. शेरू धुण्याच्या दगडावर मागच्या पायांवर उभा होता, पाणी गळ्याला लागले होते. कडी खांबाच्या बुडाशी, साखळी ताणलेली. ती सैल करायची तर कुत्र्याला आधी पाण्याखाली दाबावे लागणार होते. मुलाने तेच केले. शेरू वाचला. पण ज्या हातांनी त्याला वाचवले त्याच हातांनी त्याला बुडवलेही होते, आणि यातले वाचवणे कोणते हे त्याला कोण समजावून सांगणार?

पाणी ओसरले, चिखल काढला, भिंती वाळल्या. शेरू मात्र पहिल्यासारखा झाला नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की तो थरथर कापायचा, दाराची चौकट कुरतडायचा. परसात पाऊल टाकेना. आणि एके दिवशी मोरीतला नळ चालू असताना नातू त्याला ओढायला गेला, तेव्हा त्याच्या मनगटाला दात लागले. जखम साबणाने धुतली, दवाखान्यात नेऊन लस घेतली, सगळे रीतसर केले. पण त्या संध्याकाळी घरात जी बैठक झाली तिचा निकाल उघड होता. कुत्र्याला नदीपलीकडे एखाद्या शेतावर सोडून यावे. सुनेचे चूक नव्हते, ती आई आहे. मी महिनाभराची मुदत मागितली. ती कशाच्या जोरावर मागितली, हे माझे मलाच माहीत नव्हते.

त्या महिन्यात मी पावलॉव्ह वाचला. २०१४ साली डॅनियल टोडिस या अमेरिकन इतिहासकाराने त्याचे मोठे चरित्र लिहिले आहे. मुलाने ते मिळवून दिले. पहिला धक्का घंटेचाच बसला. पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत घंटा अगदी क्वचित वाजली असेल. तिथे टिकटिकणारा मेट्रोनोम होता, विजेचा भोंगा होता, दिव्याचा उजेड होता, कातडीवर हलकेच टोचणारे साधन होते आणि चक्क आपल्या भजनी मंडळात असते तशी पेटीही होती. एकोणतीस वर्षे मी फळ्यावर चुकीचे चित्र काढत होतो.

इव्हान पावलॉव्ह १८४९ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझान गावी जन्मला. वडील चर्चचे पुजारी, हा थोरला. लहानपणी उंचावरून दगडी फरशीवर पडला आणि इतका खंगला की शाळा अकराव्या वर्षापर्यंत लांबली. बापाच्या मागे बागेत खुरपे चालवता चालवता अंगात ताकद आली. ही मातीची आवड त्याने म्हातारपणापर्यंत सोडली नाही. पुजाऱ्याच्या मुलाने पुजारी व्हायचे हे ठरलेलेच. धर्मशाळेत नावही घातले होते. पण सेचेनॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक १८६३ साली निघाले आणि ते या मुलाच्या हाती पडले. १८७० साली तो धर्मशिक्षण सोडून सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिरला. रागीट, डावखुरा, पण शस्त्रक्रिया दोन्ही हातांनी करणारा विद्यार्थी म्हणून त्याचे नाव झाले.

पुढची दहा-पंधरा वर्षे दारिद्र्याची. १८८१ मध्ये सेराफिमा या शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीशी त्याने लग्न केले, तेव्हा बिऱ्हाड करायलाही पैसे नव्हते. पहिले मूल तान्हेपणीच गेले. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून व्याख्यानाच्या निमित्ताने त्याच्या हाती काही रक्कम ठेवली, तर त्याने तिचे प्रयोगासाठी कुत्रे आणले, अशी गोष्ट सांगतात. सेराफिमाबाईंनी त्या दिवशी काय केले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आमच्या घरातल्या अनुभवावरून मी अंदाज करू शकतो.

१८९१ मध्ये पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आणि दिवस पालटले. त्या काळी प्राणी फाडून, तो मरेपर्यंतच्या तासाभरात काय दिसेल ते पाहण्याची पद्धत होती. पावलॉव्हचे म्हणणे असे की मरणाऱ्या कुत्र्याचे पोट निरोगी पोटाबद्दल काही सांगत नाही. माणसांवर करावी तशी स्वच्छ शस्त्रक्रिया करून, जखम भरू देऊन, त्याने कुत्र्याच्या पोटाला कायमची खिडकी ठेवली. जठराचा एक छोटा कप्पा वेगळा काढण्याची त्याची शस्त्रक्रिया पहिल्यांदा नीट जमली ती द्रुझोक नावाच्या कुत्र्यावर, १८९४ साली. द्रुझोक म्हणजे छोटा मित्र. दुसऱ्या प्रयोगात कुत्रा खाई, पण घास गळ्यातूनच बाहेर पडे आणि रिकाम्या पोटात जठररस मात्र भरभरून झरे. हा रस गाळून अपचनाच्या रोग्यांना औषध म्हणून विकलाही जाई आणि त्या पैशातून प्रयोगशाळेचा खर्च निघे. वाचताना मला किळस आली हे लपवत नाही. पावलॉव्ह काही आपल्या अर्थाने श्वानप्रेमी नव्हता. त्याच्याकडे आलेले पुष्कळ कुत्रे रस्त्यावरून उचललेले, काही चोरून आणलेले होते, आणि त्यांतले कितीतरी तिथेच मेले. आपल्याकडे साताऱ्याच्या शाहूमहाराजांनी वाघापासून जीव वाचवणाऱ्या आपल्या खंड्या कुत्र्याची संगम माहुलीला समाधी बांधली असे सांगतात. तो जिव्हाळा इथे शोधू नये.

१९०४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते या पचनाच्या कामासाठी, लाळेच्या प्रसिद्ध प्रयोगासाठी नव्हे. लाळेचे प्रकरण खरे तर त्याच्या कामातला एक अडथळा होता. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडण्याआधीच, ताट दिसले, नोकराची पावले वाजली की लाळ गळू लागे आणि मोजमाप बिघडे. दुसऱ्या कोणी चिडून नोकर बदलला असता. पावलॉव्ह पन्नाशी ओलांडलेला, कीर्ती मिळालेला, सरळ पेन्शनीकडे निघालेला माणूस; त्याने पचन बाजूला ठेवले आणि ती पावलेच मोजायला घेतली. पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याने दुसरे काही केले नाही.

कुत्र्याला वाटले, कुत्र्याला हवे होते, असे शब्द प्रयोगशाळेत कोणी वापरले तर तो दंड करीत असे म्हणतात. काय दिसले ते सांगा, किती थेंब पडले ते सांगा. हा नियम मी घरात लावून पाहिला. आम्ही सगळे म्हणत होतो की शेरू बिथरला, शेरू सूड घेतो, शेरूला नातवाचा हेवा वाटतो. मी वहीत फक्त वेळ आणि आवाज लिहू लागलो. आठ दिवसांत वहीने सांगितले की शेरू माणसांवर एकदाही गुरगुरला नव्हता. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे पाणी वाहत होते.

पावलॉव्हच्या माणसांना बारीकसारीक गोष्टींनी छळले. प्रयोग चालू असताना कोणी पाहुणा डोकावला, गाडी खडखडली, की कुत्र्याचे कान टवकारले आणि शिकवलेले सगळे गायब. म्हणून १९१० नंतर जाड भिंतींची, भोवती खंदक असलेली एक वेगळी इमारत बांधायला घेतली. तिला लोक शांततेचा मनोरा म्हणत. आपल्याकडे लोक भर चौकात, शेजारची चार पोरे टाळ्या पिटत असताना कुत्र्याला बसायला शिकवतात आणि तो ऐकत नाही म्हणून फटका देतात, त्यांनी हा मनोरा आठवावा.

१९१४ च्या सुमाराचा एक प्रयोग तर मी दोनदा वाचला. शेंगर-क्रेस्तोव्हनिकोव्हा या सहकारी बाईंनी कुत्र्याला शिकवले की वर्तुळ दिसले तर खायला मिळेल, लांबट अंडाकृती दिसली तर मिळणार नाही. तो ते सहज शिकला. मग अंडाकृती रोज थोडी थोडी गोल करत नेली. तिचे माप नवास आठ झाले, म्हणजे जवळजवळ वर्तुळच, तेव्हा तीन आठवड्यांत त्या कुत्र्याचे ओळखणे सुधारण्याऐवजी ढासळले. आणि तोवर अगदी गरीब असलेला तो कुत्रा चौकटीत किंचाळू लागला, अंग झटकू लागला, दातांनी नळ्या तोडू लागला. त्याला कोणी मारले नव्हते. त्याला फक्त कळेनासे झाले होते की आत्ता काय खरे.

आमच्या घरात शेरूची हीच गत होती. नातू त्याला खाटेवर बोलवी, सून त्याच खाटेवरून केरसुणीने उठवी. मी ये म्हणे, मुलगा चल म्हणे, आमची सौ. नुसते च्यक च्यक करी, आणि तिघांचा अर्थ एकच असे, कधी नसेही. जेवताना मागायला आला की मी हाकली, आणि सौ. पदराआडून पोळीचा तुकडा टाकी. पावलॉव्हने दाखवले आहे की खुणेमागे अन्न येणे थांबले तर प्रतिसाद हळूहळू विझतो. मात्र मध्ये विश्रांती गेली की तो आपोआप पुन्हा डोके वर काढतो. दहा दिवस कडक राहून अकराव्या दिवशी एक तुकडा टाकला, तर कुत्रा एवढेच शिकतो की दहा दिवस चिकाटी धरावी लागते. हे सौ.ला पटायला मात्र चांगलेच दिवस लागले. माणसाला खुणा बदलायला कुत्र्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

क्रांती झाली. नोबेलचे पैसे बुडाले. १९१९ मध्ये व्हिक्टर हा मुलगा टायफसने गेला. प्रयोगशाळेत ना सरपण ना अन्न. कुत्रे उपासमारीने मरू लागले. सत्तरीचा पावलॉव्ह संस्थेच्या आवारात बटाटे आणि कोबी लावी आणि स्वतः खणे. देश सोडण्याची परवानगी त्याने मागितली. तेव्हा जानेवारी १९२१ मध्ये लेनिनच्या सहीने फर्मान निघाले की या शास्त्रज्ञाला आणि त्याच्या कामाला लागेल ते द्यावे. तो राहिला, पण नव्या राज्यकर्त्यांवर उघड टीका करायचे त्याने सोडले नाही. उन्हाळ्यात तो बागकाम करी आणि लांबून दांडके फेकून लाकडी ठोकळे उडवण्याचा गोरोदकी हा रशियन खेळ हिरिरीने खेळे. माणसांवर तो भयंकर तापट होता, शस्त्रक्रियेच्या वेळी सहकाऱ्यांवर ओरडे. तोच माणूस कुत्र्याच्या लाळेचा पुढचा थेंब पडायची वाट बघत तासन्‌तास बसे.

आणि मग २३ सप्टेंबर १९२४. ही तारीख वाचली आणि मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन आलो. नेवा नदीला महापूर आला, लेनिनग्राड बुडाले. कुत्र्यांची घरे आवारात, पाण्याच्या पातळीला. नोकर पोहोचले तेव्हा पिंजऱ्यांत पाणी छतापर्यंत चढत होते आणि कुत्रे नाक वर धरून पोहत होते. पिंजऱ्यांची दारे खाली होती. म्हणून एकेका कुत्र्याला पाण्याखाली ओढून त्या दारातून बाहेर काढावे लागले.

सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेले, एरवी भांडणारे कुत्रे एकमेकांना चिकटून बसले. पण नंतर प्रयोग सुरू केले तेव्हा काहींचे शिकलेले पुसून गेलेले आढळले. अन्नसुद्धा घेईनात. स्पेरान्स्की नावाच्या सहकाऱ्याने अशाच एका कुत्र्याला धीराने वळणावर आणले. प्रयोग करणारा ओळखीचा माणूस नुसता खोलीत बसून राहिला की कुत्रा खाई आणि हळूहळू जुने प्रतिसाद परत येत. तो उठून गेला की पुन्हा सगळे शून्य. बऱ्याच दिवसांनी सारे स्थिरस्थावर झाले असे वाटले, तेव्हा स्पेरान्स्कीने दाराच्या फटीतून खोलीत पाण्याची एक बारीक धार सोडली. कुत्रा उसळला, धापा टाकू लागला, आणि महिन्यांची मेहनत वाहून गेली.

आमची गच्चीवरची टाकी म्हणजे तीच धार.

पावलॉव्हला इथून नवा विषय मिळाला. एकाच पुरातून काही कुत्रे मोडून निघाले आणि काहींना काहीच झाले नाही, असे का? शेवटची दहा वर्षे तो स्वभावांचे प्रकार लावण्यात आणि मोडलेल्या कुत्र्यांना विश्रांती, वेळ आणि मोजून दिलेले ब्रोमाइड यांनी पुन्हा उभे करण्यात घालवत होता. मार आणि धाक यांचे औषध म्हणून नाव मला त्यात कुठे दिसले नाही. याच काळात तो माणसांच्या मनोरुग्णालयातही जाऊन बसू लागला. १९३५ मध्ये जगभरचे शरीरशास्त्रज्ञ लेनिनग्राडला जमले, तेव्हा संस्थेच्या आवारात प्रयोगांत वापरलेल्या कुत्र्यांचे स्मारक उभे राहिले. ते त्याच्याच आग्रहाने झाले. त्याच वर्षी व्हसेव्होलोद हा दुसरा मुलगा गेला. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने पावलॉव्ह वारला, तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता.

माझी महिन्याची मुदत संपली तेव्हा शेरू बरा झालेला नव्हता, पण मला सुनेपुढे वही ठेवता आली. तिने ती वाचली आणि आणखी दोन महिने दिले. नातवाला पक्के सांगितले की शेरूजवळ एकट्याने जायचे नाही आणि नळ चालू असताना तर मुळीच नाही. साखळी मी भंगारवाल्याला दिली. रात्री शेरू स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात झोपू लागला, दार उघडे ठेवले, तेव्हा चौकट कुरतडणे आपोआप थांबले. घरात शब्द ठरले, ये आणि खाली, बस्स, तेही भिंतीवर खडूने लिहून ठेवले. आणि रोज संध्याकाळी मी टाकीच्या पाण्याचा मोबाइलवर घेतलेला आवाज, अगदी ऐकू येईल न येईल इतका बारीक, पलीकडच्या खोलीत लावी आणि इकडे शेरूसमोर उकडलेल्या अंड्याचे तुकडे एकेक करून ठेवी. त्याने अंड्याकडे पाठ फिरवली की आवाज जास्त झाला असे समजायचे आणि मागे यायचे, रागवायचे नाही. एकदा घाईने दोन पायऱ्या एकदम चढलो आणि बारा दिवसांचे काम गेले. मी मात्र रोज शेजारी बसून राहायचो. स्पेरान्स्कीचा तो माणूस खोलीत नुसता बसून राही, तसाच.

चौथ्या महिन्यात टाकी वाहू लागली आणि शेरू उठून माझ्याकडे आला. त्याने अंडे मागितले. सुनेने ते स्वतःच्या हाताने दिले.

नंतरच्या पावसाळ्यात पहिल्याच वळवाला तो पुन्हा थरथरला, आणि आम्ही बारीक आवाजापासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला तीन आठवडे पुरले. आता तो म्हातारपणाकडे झुकला आहे, नाकावरचे केस पांढरे झाले आहेत. गोसेखुर्दची दारे उघडल्याची बातमी येते त्या रात्री तो बोळातून उठतो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतो. तिथून त्याला खाली बोलवायचे नाही, असे घरात ठरले आहे. मी त्याच्या खालच्या पायरीवर चटई टाकतो.